दोघांसाठी कोठडी

बेळगाव मधोमध पडतं, हे तिनेच नकाशात पाहून ठरवलं.
तिला धारवाडहून दोन तास, मला कोल्हापुरातून अडीच.
त्या अर्ध्या तासाबद्दल मी काही बोललो नाही.

स्टँडवर तिने विहंगचा हात सोडला आणि सांगून टाकलं:
रात्री दूध मागत नाही आता,
उताणा झोपला की खोकतो,
रविवारी चारच्या आत.
मग परतीच्या गाडीत चढली.
खिडकीची जागा रिकामी होती,
ती आतल्या बाजूला बसली.

तर आता राहायचं कुठे.

ऑफिसातल्या कुरणेंची सासुरवाडी वडगावात,
खाली माग, माडीवर दोन खोल्या.
सासरे फोनवर म्हणाले होते,
लॉजबिज कशाला बघूलाय, घर हाय की हो.
पण घर असतं तिथे विचारतात.
भात वाढताना विचारतात, वहिनी नाही आल्या?
आणि मागाचा खटखटाट चालू असला
तरी उत्तर सगळ्यांना ऐकू जातं.

कॅम्पात एक जुना बंगला बघितला,
आंब्याची झाडं, वेताच्या खुर्च्या, कुत्रा.
विहंगला कुत्रा आवडला. मला दर परवडेना.
‘कुत्र्याला पिसवा असतील,’ मी म्हणालो,
आणि तो कुत्रा आमच्याकडे बघतच राहिला
रस्त्याच्या वळणापर्यंत.

स्टँडसमोरच्या लॉजात जिन्यातच दिवा गुलाबी होता.
तिथून मी त्याला खांद्याला धरून परत फिरवला.
का, असं त्याने विचारलं नाही.
नऊ वर्षांचा आहे.
हल्ली ‘का’ जपून वापरतो.

टिळकवाडीत, दुसऱ्या रेल्वे गेटाच्या अलीकडे,
एका पाटीखाली तो थांबला.
नुसती कानडी पाटी. मला सगळ्या अक्षरांना
सारखीच गोल पोटं दिसतात.
त्याने बोट ठेवून वाचली, शाळेत वाचतात तशी,
‘कोठडिगळु लभ्यविवे.’
मी हसलो. कोठडी?
‘हसू नको, बाबा. कोठडी म्हणजे खोली.
खोल्या मिळतील, असं लिहिलंय.’
दोन वर्षांपूर्वी मी त्याला ‘ळ’ गिरवायला शिकवला होता,
तो इथे शेवटच्या आधीच्या अक्षरात होता कुठेतरी,
मला सापडला नाही.

दुंडाप्पा म्हणून मॅनेजर. गळ्यात मफलर, समोर कुंद्याचा पुडा.
‘बाप-लेक काय? वरची देतो, गाड्या दिसत्यात.’
गाड्या दिसतात म्हटल्यावर ठरलंच.
रजिस्टर पुढे सरकवलं, रकाने सगळे कानडीत,
मी पेन विहंगकडे दिलं.
तो ओठ चावत लिहीत गेला.
माझं नाव, त्याचं नाव.
नात्याच्या जागी तीन वळणं,
वाचून दाखवलं, ‘तंदे’.
मग कायमचा पत्ता.
तिथे मात्र डावा हात आडवा धरला,
परीक्षेत शेजारच्यापासून धरतात तसा,
आणि बराच वेळ लिहिलं.
खाली मी मराठीत सही केली.

रात्री तो पलंगावर तिरका झोपला, सगळी जागा घेऊन.
गेटाची घंटा वाजायची, फाटक पडायचं,
स्कूटरवाले इंजिनं बंद करून उभे राहायचे,
मालगाडी जायची, मोजून सत्तेचाळीस डबे.
तो एकदा उताणा झाला.
खोकायच्या आत मी कुशीवर वळवला.

पावणेदोनला खाली उतरलो.
म्हटलं, दुंडाप्पाला विचारू,
एवढीच ओळ वाचून दाखव.
कोल्हापूर लिहिलंय की धारवाड,
की मुलं लिहितात तसं
गल्ली, गाव, जिल्हा, भारत, पृथ्वी.

दुंडाप्पा बाकावर झोपला होता,
मफलर कानावरून घट्ट,
आणि रजिस्टर डोक्याखाली घेतलेलं.
उशी नव्हती बिचाऱ्याला.
मी जरा वेळ उभा राहिलो.
बाहेर फाटक वर गेलं.